'लंडन' (ब्लेकची कविता)

इंग्रज कवी व चित्रकार विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) याची सोळा ओळींची कविता. ती १७९४ मध्ये 'साँग्ज ऑफ एक्सपीरियन्स'मध्ये आली. लंडनच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्याला जे दिसते आणि ऐकू येते, तेवढेच तिच्यात आहे. तिची सगळी धार अनेकार्थी, पण रोजच्या वापरातल्या शब्दांत आहे.

ब्लेकच्या वहीतला खर्डा उपलब्ध असल्यामुळे हे शब्द कसे ठरत गेले ते पाहता येते. रस्ता आणि थेम्स नदी यांना त्याने आधी 'डर्टी' म्हटले होते. ते बदलून 'चार्टर्ड' केले. चार्टर म्हणजे सनद, शहरांना आणि व्यापारी कंपन्यांना हक्क देणारी. राजकीय लेखक टॉमस पेन याने 'राइट्स ऑफ मॅन' या पुस्तकात (१७९१–९२) सनदांवर घणाघात केला होता : इतरांचे हक्क काढून घेतल्याशिवाय त्या मोजक्यांना हक्क देऊच शकत नाहीत. वाद ताजा होता. घाणेरडी नदी हे नुसते वर्णन झाले. सनदी नदी म्हटल्यावर वाहते पाणीही कोणाच्या तरी मालकीचे ठरते. तसेच 'जर्मन घडणीच्या' साखळ्यांच्या जागी 'माइंड-फोर्ज्ड मॅनॅकल्स', म्हणजे मनाने घडवलेल्या बेड्या, आल्या. इंग्लंडच्या गादीवरच्या, मूळच्या जर्मन हॅनोव्हर घराण्याच्या राजावरचा रोख त्यामुळे गेला, पण आरोप सर्वांपर्यंत पोचला.

'मार्क' आधी क्रियापद म्हणून येतो (निरखणे) आणि पुढच्याच ओळीत दोनदा नाम म्हणून (खुणा). 'एव्हरी' सात वेळा येतो, त्यातला पाच वेळा एकट्या दुसऱ्या कडव्यात; यातून कोणीच सुटलेले नाही हे कानावर आदळत राहते. त्याच कडव्यातल्या 'बॅन'मध्ये बंदी आणि शाप हे अर्थ आहेत, शिवाय लग्नाआधी चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या सूचनेचाही ध्वनी आहे.

वाचक सर्वांत जास्त अडखळतो तो तिसऱ्या कडव्यात. 'हाऊ द चिमनी-स्वीपर्स क्राय / एव्हरी ब्लॅकनिंग चर्च अपॉल्झ' यात 'क्राय' क्रियापद धरले की वाक्य मोडते. ते नाम आहे. ब्लेकने षष्ठीचे चिन्ह दिलेले नाही, म्हणून घोटाळा होतो. कर्ता धुराडी साफ करणाऱ्या पोरांची आरोळी, कर्म चर्च. 'अपॉल' म्हणजे हादरवणे. त्याच्या मुळाशी फिके पडणे आहे आणि 'पॉल' म्हणजे शवपेटीवरचे वस्त्र. काजळीने काळवंडणारे चर्च अशा रीतीने एकाच वेळी पांढरेफटक पडते. ही पोरे किती लहान असत, ते १७८८ च्या कायद्यावरून कळते : त्याने किमान वय आठ वर्षे ठरवले होते.

या कडव्याच्या चारही ओळी सात अक्षरांच्या आहेत आणि आघाताने सुरू होतात. पहिल्या कडव्यातल्या बहुतेक ओळी आठ अक्षरी, अनाघाताने सुरू होणाऱ्या आहेत. मोठ्याने वाचताना पहिल्याच अक्षरावर जोर द्यावा, नाहीतर पावलांची लय बदलल्याचे जाणवत नाही. चार ओळींची आद्याक्षरे एच, ई, ए, आर अशी आहेत, आणि आधीचे कडवे संपते 'हिअर' या शब्दावर. हा योगायोग असणे अवघड वाटते.

शेवटच्या कडव्यातला वेश्येचा 'कर्स' हा तोंडचा शाप आहे, तसाच गुप्तरोगही. नवजात बाळाच्या डोळ्यापर्यंत आणि लग्नापर्यंत पोचणारा. म्हणूनच अखेरच्या ओळीत 'मॅरेज'ला 'हर्स', म्हणजे शववाहिनी, जोडलेली आहे.