‘अगं बाई!’ आणि ‘तरीच!’ : मालिकेतला धक्का आणि मालिकेतली कलाटणी

जानेवारीतली संध्याकाळ. डहाणूकर कॉलनीत आत्याकडे मटार सोलत बसले होते आणि समोर साडेआठची मालिका चालू होती. तीन महिन्यांपूर्वी गाडीसकट दरीत कोसळून ‘गेलेला’ मुलगा दारात उभा राहिला. घरातल्या एकेकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवून झाला. “अगं बाई!” आत्या म्हणाली, आणि मिनिटभरात पुन्हा मटार सोलायला लागली.

नऊच्या मालिकेत वेगळंच झालं. थोरल्या सुनेला लिहिता-वाचता येत नाही असं सगळं घर वर्षभर धरून चाललं होतं. घरात येणारी निनावी पत्रं तीच लिहीत होती, हे त्या दिवशी उघडकीला आलं. आत्या काहीच बोलली नाही. अर्धी सोललेली शेंग तशीच हातात राहिली. मग हळूच म्हणाली, “तरीच! सासऱ्यांच्या औषधाच्या दोन सारख्या बाटल्या होत्या ना, त्यातली बरोबर बाटली उचलली होती हिने.”

या दोन्ही गोष्टींना आपण सरसकट ‘ट्विस्ट’ म्हणतो, पण माझ्या मते त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला धक्का, दुसरी कलाटणी. धक्का बसला की मन पुढे धावतं: आता काय होणार? कलाटणी मिळाली की मन मागे पळतं आणि पाहिलेले भाग नव्याने पाहू लागतं. ‘तरीच’ हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. काहीतरी आधी दिसलं होतं, खटकलंही होतं, त्याचा अर्थ आत्ता लागला, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. जिथे आधी काहीच दिसलेलं नसतं, तिथे तो शब्द तोंडातून निघतच नाही.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण महाभारतातलं आहे. युद्ध संपल्यावर तर्पणाच्या वेळी कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. पुढे शांतिपर्वाच्या सुरुवातीला युधिष्ठिर नारदांना मनातली एक जुनी गोष्ट सांगतो. द्यूतसभेत कर्णाचे कठोर शब्द ऐकून त्याला संताप येई, पण कर्णाच्या पायांकडे नजर गेली की तो निवायचा, कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. असं का, याचा त्याने शोधही घेतला होता. कारण सापडलं नव्हतं. हा युधिष्ठिराचा ‘तरीच’. आपल्याला, वाचणाऱ्यांना, कर्णाचा जन्म आदिपर्वापासून ठाऊक असतो. तरीही त्या पायांपाशी गळा दाटून येतो. म्हणजे कलाटणी लागायला प्रेक्षक अंधारातच हवा असं नाही.

नाट्यशास्त्रातही हा विचार आहे. नाटकाचे पाच संधी, म्हणजे कथानकाचे पाच टप्पे, सांगितले आहेत. पहिल्या मुखसंधीत बीज पेरायचं आणि शेवटच्या निर्वहणात पसरलेले धागे एकत्र आणायचे. अद्भुत रस हवा तो तिथे, शेवटी. विस्मय आणि बीज यांची गाठ आपल्याकडे इतकी जुनी आहे.

खरी गल्लत होते ती कलाटणीचा वेश घेतलेल्या धक्क्याने. सोज्वळ वाटणारी बाई अचानक खलनायिका निघते, मागचे चार प्रसंग झरझर दाखवले जातात, आणि आपल्याला वाटतं की सगळं जुळलं. अशा वेळी एक प्रश्न जरूर विचारावा: ही बाई एकटी असताना कशी वागत होती? सहा महिन्यांपूर्वी बंद खोलीत, कुणी बघत नसताना, ती नवऱ्याच्या फोटोसमोर ढसाढसा रडली असेल, तर ते रडणं कुणासाठी होतं? खोलीत फसवायला कुणीच नव्हतं, आपल्याशिवाय. लेखकाने प्रेक्षकाची दिशाभूल जरूर करावी, रहस्यकथेत ती हवीच. पण दिशाभूल म्हणजे खरी वस्तू समोर ठेवून लक्ष दुसरीकडे वळवणं. खोटी वस्तू समोर ठेवली की ती फसवणूक होते, आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण लोकांनी वर्षभर रोजचा अर्धा तास त्या घराला दिलेला असतो.

रोजच्या मालिकेत असं का होतं, हेही समजून घ्यायला हवं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, एखादा ट्रॅक चालला नाही तर तो गुंडाळावा लागतो, कलाकार मालिका सोडतो तेव्हा पात्राला अपघात होतो. अशा धबडग्यात वर्षभर आधी बीज पेरून ते जपणं सोपं नाही. म्हणूनच ज्यांना ते जमतं त्यांचं मला अपार कौतुक आहे.

अमेरिकेतल्या ‘डॅलस’ मालिकेने धक्क्याचं टोक गाठलं. 1985 मध्ये मेलेला बॉबी 1986 मध्ये बायकोला न्हाणीघरात शॉवरखाली उभा दिसला, आणि मधला अख्खा सीझन तिचं स्वप्न होतं असं ठरलं. कलाटणी जुन्या भागांना नवा अर्थ देते; इथे जुने भागच पुसले गेले.

शेवट आधी कळला तर काय होतं, यावरूनही फरक कळतो. 2011 मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी 12 लघुकथांवर प्रयोग केला. शेवट आधीच सांगितलेल्या कथा वाचकांना एकंदरीत जास्त आवडल्या. तो प्रयोग कथांचा होता, मालिकांचा नव्हे, पण माझा अनुभव त्याच्या जवळ जातो. प्रोमोने फोडलेला धक्का विझतो. कलाटणी माहीत असूनही पुन्हा बघावीशी वाटते.

सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात ‘पुरुषोत्तम करंडक’ या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या एकांकिका बघताना मी कान प्रेक्षकांकडे ठेवते. 1963 पासून चालत आलेली ही स्पर्धा, सभागृह कॉलेजच्या मुलांनी भरलेलं. धक्का बसला की एकदम आवाज उठतो. कलाटणी लागली की आधी शांतता, आणि मग कुठूनतरी कुजबुज: “अरे, तो मगाशी म्हणाला होता बघ…”

त्या रात्री जेवणं झाल्यावर आत्याने मोबाइल माझ्या हातात दिला. “तो औषधाचा भाग लावून दे गं.” शोधायला दहा मिनिटं लागली. थोरली सून कपाटापाशी गेली तेव्हा आत्याने चष्मा नीट केला आणि म्हणाली, “थांबव, थांबव इथे.” बाटली उचलण्याआधी तिने लेबल स्वतःकडे फिरवलं होतं.