रूपविकारी तारे आणि आवर्ती धूमकेतूंचं निरीक्षण

आकाशातल्या ज्या गोष्टींचं तेज बदलत राहतं त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बघून आकडा लिहून ठेवायचा, असं हे काम आहे. तेज कमीजास्त होणारे ते रूपविकारी तारे, आणि सूर्याभोवती फेरी मारून काही वर्षांनी परत येणारे ते आवर्ती धूमकेतू. दोन्हींची जात वेगळी, पण बघणारे बऱ्याचदा तेच लोक असतात. नवीन माणूस धूमकेतूच्या नादाने येतो आणि धूमकेतू गेल्यावर टिकला तर रूपविकारी ताऱ्यांमुळे टिकतो, कारण ते रोज असतात.

सुरुवातीला बघायला सगळ्यात सोपा तारा म्हणजे ययाती तारकासमूहातला अलगोल. एरवी 2.1 प्रतीचा असतो, पण दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी 3.4 पर्यंत उतरतो आणि परत चढतो, हा सगळा खेळ साधारण 10 तासांत आटपतो, त्यामुळे हिवाळ्यात वेळ जुळून आली तर एका रात्रीत नुसत्या डोळ्यांनी फरक कळतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, तिचा आकडा वाढला की तारा मंद झाला, हे उलटं गणित सुरुवातीला सगळ्यांनाच छळतं). इंग्लंडमधल्या जॉन गुडरिकने 1782-83 मध्ये हा काळ मोजला आणि कोणीतरी काळी वस्तू मधे येत असावी असं सुचवलं. तेव्हा तो 18 वर्षांचा होता, ऐकू येत नव्हतं, आणि 21 व्या वर्षी गेलासुद्धा. मधे येणारा दुसरा मंद तारा आहे हे नंतर पक्कं झालं.

तिमिंगलातला मायरा याच्या अगदी उलटा, सावकाश. 1596 ला डेव्हिड फॅब्रिशियसला तो दिसला आणि मग गायब झाला. तारा खरोखरच फुगतो-आक्रसतो आणि चक्र साधारण 332 दिवसांचं, म्हणजे सर्वोच्च तेजाची तारीख दर वर्षी महिनाभर आधी सरकते, आणि मग काही वर्षं अशी येतात की ती एप्रिलच्या आसपास पडते, सूर्य नेमका तिथेच असतो आणि काहीच दिसत नाही. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाळा, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कोणाच्याही वहीत दरवर्षी भोक पडणारच.

पद्धत सोपी आहे, शिस्त अवघड. नकाशात आजूबाजूच्या स्थिर ताऱ्यांच्या प्रती दिलेल्या असतात, दशांश टिंब न देता, म्हणजे 8.4 असेल तर 84, नाहीतर टिंबालाच लोक तारा समजतील. आपल्या ताऱ्याहून थोडा तेजस्वी एक आणि थोडा मंद एक घ्यायचा, आणि आपला कुठे बसतो ते एक दशांशापर्यंत ठरवायचं. लाल ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, तो डोळ्याला उगाच जास्त तेजस्वी वाटत जातो. आणि कालचा आकडा आज बघायचा नाही, हे तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण डोळा अपेक्षेप्रमाणे बघतो. 2020 च्या फेब्रुवारीत मृगातली काक्षी 1.6 पर्यंत उतरली होती, पुढच्या अभ्यासात तिनेच बाहेर टाकलेल्या धुळीचं कारण निघालं. "ही तर नेहमी अर्ध्या प्रतीच्या आसपास असते" असं मनात धरून बघणाऱ्याची ती घसरण हुकली असती.

धूमकेतूचं तेज मोजणं जास्त किचकट, कारण तो टिंब नसून पसरलेला धुरकट डाग असतो. म्हणून दुर्बिणीचा फोकस बिघडवून तुलनेचे तारे त्या डागाएवढे फुगवतात आणि मग ताडून बघतात. सोबत डागाचा व्यास आणि मध्यभाग किती घट्ट आहे ते 0 ते 9 मध्ये लिहायचं. सूर्याजवळचे धूमकेतू क्षितिजालगत असतात, तिथली धूळ प्रकाश खाते, तेव्हा तुलनेचा ताराही तेवढ्याच उंचीवरचा हवा.

धूमकेतू परत येण्याचं गणित एडमंड हॅले या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाचं. 1531, 1607, 1682 हे एकच धूमकेतू, आणि 1758 च्या सुमारास परत येईल असं त्याने सांगितलं, 25 डिसेंबर 1758 ला तो दिसला, हॅले तोवर वारला होता. पुढची फेरी 2061. एवढी वाट कोण बघणार, म्हणून एंकेसारखे 3.3 वर्षांनी येणारे बरे. पण वेळ कळते म्हणून तेज कळतं असं मुळीच नाही. होम्स धूमकेतू दर सात वर्षांनी गुपचूप येऊन जातो, 2007 मध्ये सूर्याला वळसा घालून पाच महिने झाल्यावर, ऑक्टोबरात, दोन दिवसांच्या आत 17 प्रतीवरून 3 च्या आत आला, ययातीमध्येच, नुसत्या डोळ्यांना दिसायला लागला. कोणी वर्तवलं नव्हतं.

आपल्या उपखंडातलं मोठं नाव राधागोविंद चंद्र. जेसोरच्या (आता बांगलादेशात) ट्रेझरीत नोकरी, 1910 चा हॅले छोट्या दुर्बिणीतून बघितला आणि तिथून रूपविकारी ताऱ्यांकडे वळले. अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या 1911 पासून चालणाऱ्या निरीक्षकांच्या संस्थेला त्यांनी 37 हजारांच्या वर नोंदी पाठवल्या, संस्थेने 1926 मध्ये त्यांना 6 इंची दुर्बीण वापरायला दिली. तिकडे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र, तेव्हा इथल्या नोंदींचं मोल तेव्हाही होतं आणि आत्ताही आहे. ती दुर्बीण नंतर खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंमार्फत तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत गेली. महाराष्ट्रात पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ 1985-86 च्या हॅलेच्या लाटेत उभं राहिलं.

आता रोबोटिक दुर्बिणी रात्रभर आकाश चाळतात, मग डोळ्याने कशाला, असं विचारतात लोक. त्यातल्या बऱ्याच दुर्बिणींना काक्षीसारखा तेजस्वी तारा झेपतच नाही, कॅमेरा भरून जातो.

आणि एक तारा असा की तो जवळपास धूमकेतूसारखाच परततो, उत्तर मुकुटातला टी. एरवी 10 प्रतीचा, 1866 आणि 1946 ला एकदम 2-3 प्रतीपर्यंत भडकला. शेजारच्या लाल राक्षसी ताऱ्याकडून श्वेत बटू (जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, घट्ट गाभा) वायू ओढतो, साठला की स्फोट. साधारण 80 वर्षांच्या हिशोबाने 2024 पासून जगभरचे लोक नजर ठेवून बसले. ओळखायची युक्ती अशी की उत्तर मुकुटात 2.2 प्रतीचा एकच ठसठशीत तारा आहे, तिथे दोन दिसले की समजायचं.