मासा वाचला, पण कशामुळे?

झेब्राफिश हा बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली गंगेतल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, त्यांत याची पहिली नोंद आहे. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत दिसतो, कारण त्याची अंडी पारदर्शक असतात आणि 28.5 अंश सेल्सिअसला ठेवलेल्या भ्रूणाचं हृदय एका दिवसात धडधडू लागतं. वनस्पतींचे अर्क गॅमा किरणांच्या इजेपासून वाचवतात का, हे तपासायला हा भ्रूण सोयीचा आहे. तितकाच फसवाही.

किरण पेशीतल्या पाण्यात शिरले की पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे दिसेल त्या रेणूवर तुटून पडणारे अतिक्रियाशील तुकडे, तयार होतात. त्यांचं आयुष्य नॅनोसेकंदांचं. तेवढ्यात ते जेमतेम काही नॅनोमीटर सरकतात आणि वाटेत डीएनए आला तर तोडतात. गॅमा किरणांमुळे डीएनएला होणाऱ्या इजेपैकी साधारण दोन तृतीयांश इजा या आडवाटेने होते. म्हणजे मूलक टिपणारा अर्क किरण पडायच्या आधीच पेशीत हजर हवा. किरण देऊन झाल्यावर टाकलेल्या अर्कानेही भ्रूण वाचले, तर या पहिल्या मूलकांना त्याने टिपलं असं म्हणता येत नाही. डीएनएची दुरुस्ती, दाह कमी होणं अशी दुसरी कारणं तपासावी लागतात. म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन्ही गट हवेतच.

तुळशीचं उदाहरण घेऊ. तिच्या पानांतली ओरिएंटिन आणि व्हिसेनिन ही फ्लेव्होनॉइड द्रव्यं उंदरांना किरणांपासून काही प्रमाणात वाचवतात, हे मणिपालच्या संशोधकांनी 1990च्या दशकात दाखवलं. माशावर करून बघायचं तर पानं सावलीत वाळवून दळावीत, 10 ग्रॅम पूड 100 मिलिलिटर 50 टक्के अल्कोहोलमध्ये रात्रभर हलवत ठेवावी, गाळावी, कमी दाबाखाली 45 अंशांच्या आत अल्कोहोल उडवावं आणि उरलेलं गोठवून वाळवावं. जून-जुलैतली पानं आणि डिसेंबरातली पानं सारखी नसतात. त्यामुळे प्रत्येक खेपेला ओळखीच्या एखाद्या द्रव्याचं प्रमाण मोजलं नाही, तर पुढच्या वर्षी निकाल जुळला नाही म्हणून कुणाला दोष द्यायचा?

किरणांच्या आधी अर्काचंच विष तपासावं: मिलिलिटरला 1 ते 100 मायक्रोग्रॅमपर्यंत पाच-सहा पायऱ्या, दर पायरीला 20 भ्रूण, 96 तास. निदान 70 टक्के अंडी फळलेली नसतील तर ती तुकडी टाकून द्यावी. साध्या पाण्यातले 10 टक्क्यांहून जास्त भ्रूण मेले, तर दोष अर्काचा नाही, पाण्याचा किंवा अंड्यांचा आहे.

खरी गंमत इथून पुढे. टॅनिनवाला, म्हणजे तुरट द्रव्यांचा अर्क भ्रूणांच्या पाण्याचा सामू (pH) खाली ओढतो, कारण त्या पाण्यात सामू स्थिर ठेवणारं द्रव्य, म्हणजे बफर, नसतो. तो पुन्हा 7.2च्या आसपास आणावा. अर्कातली पॉलिफेनॉल नावाची वनस्पतिद्रव्यं (टॅनिन आणि फ्लेव्होनॉइड त्यांतलीच) पाण्यात उघडी राहिली की स्वतःच ऑक्सिडाइज होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात, म्हणून द्रावण रोज ताजं. बुरशी लागू नये म्हणून घालतात ते मिथिलीन ब्लू स्वतः इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण करतं. या प्रयोगात ते नकोच.

सगळ्यात मोठी फसगत ऑक्सिजनची. ऑक्सिजन कमी असलेल्या पेशी दोन-तीन पट किरण सोसतात. छोट्या बंद नळीत 50 भ्रूण कोंबले, वर अर्क आणि त्यावर वाढलेले जिवाणू ऑक्सिजन खात राहिले, की अर्काच्या नळीतले भ्रूण जास्त वाचतात आणि श्रेय तुळशीला जातं. उपाय साधा: दोन्ही नळ्यांतला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, भ्रूण थोडे, हवा भरपूर.

भ्रूणाचं वय मिनिटांत सांभाळावं लागतं. पहिल्या तीनेक तासांत पेशी साधारण 15 मिनिटांनी दुभंगतात, डीएनए तपासायला थांबत नाहीत, म्हणून तेव्हाचा भ्रूण 24 तासांच्या भ्रूणापेक्षा फार नाजूक. प्रौढ मासा मात्र चिवट: 20 ग्रे (ग्रे हे शरीरात शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) सोसून जगतो, 40 ग्रेला मरतो. माणसाला उपचारांविना 4 ग्रेच्या आसपासची मात्रा घातक ठरते.

किरण देणाऱ्या यंत्रातलं, म्हणजे गॅमा चेंबरमधलं, किरणोत्सारी कोबाल्ट-60 दर 5.27 वर्षांनी निम्मं होतं. गेल्या वर्षी 10 मिनिटांत मिळणारी मात्रा यंदा मिळायला 11.4 मिनिटं लागतात. जुन्या तक्त्यावर वेळ लावली तर मात्रा 12 टक्के कमी पडते, आणि आधीच्या वर्षीच्या नुसत्या किरणांच्या गटाशी तुलना केली तर अर्क उगाच गुणकारी ठरतो. शिवाय किरण न देता चेंबरपर्यंत नेऊन आणलेला एक गट हवा, कारण वाटेतल्या गारव्यानेही वाढ मंदावते. अॅमिफॉस्टिन या माहितीतल्या रक्षक औषधाचाही एक गट ठेवावा; त्यानेही भ्रूण वाचले नाहीत, तर मांडणीच चुकली आहे.

निकाल ‘इतके टक्के वाचले’ असा देऊन भागत नाही. निम्मे भ्रूण मारणारी मात्रा अर्काशिवाय समजा 10 ग्रे आणि अर्कासह 13 ग्रे निघाली, तर रक्षणाचं गुणोत्तर 1.3. सोबत हृदयाभोवतीची सूज, वाकडी शेपटी, बारीक डोळे यांची नोंद हवी, आणि ती करणाऱ्याला कुठल्या बशीत अर्क आहे ते ठाऊक नसावं. यावरून एक्स-रे काढायच्या आधी तुळशीचा काढा प्यावा असं कुणी सुचवलंच, तर त्याला आठवण करून द्यावी की भ्रूण चोवीस तास अर्कात बुडालेला असतो. काढा मात्र आतड्यातून आणि यकृतातून गाळून जातो.