एक न्यूज सर्व्हर, घरात दोन खाती

२२ फेब्रुवारी २०२४ ला गूगल ग्रूप्सने युजनेटवरचा, म्हणजे विषयवार चर्चेच्या ग्रूपांच्या जुन्या जगभरच्या जाळ्यावरचा, नवा मजकूर घेणं आणि तिकडे पाठवणं थांबवलं. जुनं सगळं तिथे अजून चाळता येतं, पण ताजं वाचायचं तर न्यूजरीडर (हे ग्रूप वाचायचं सॉफ्टवेअर) आणि एखाद्या न्यूज सर्व्हरवर (ग्रूपांतले लेख ठेवणाऱ्या कॉम्प्युटरवर) खातं लागतं. धरमपेठेतल्या आमच्या शेजारच्या काकांनी ते काढलं. मग पुतणीनेही त्याच सर्व्हरवर आपलं वेगळं काढलं. कॉम्प्युटर मात्र घरात एकच. लवकरच काकांची तक्रार आली, "खातं माझं, पासवर्ड माझा, अन् हिनं वाचलेले लेख मला वाचलेले दिसून राहिले! सर्व्हर बिघडला काय?"

सर्व्हरचा यात काही दोष नाही. कोणी काय वाचलं याची तो नोंदच ठेवत नाही. न्यूज सर्व्हर म्हणजे सार्वजनिक वाचनालयातला वर्तमानपत्रांचा स्टँड. दारात कार्ड बघतात, पण तुम्ही कोणतं पान वाचलं हे कोणी लिहून घेत नाही. वाचल्याच्या खुणा असतात तुमच्याच डिस्कवर, न्यूजआरसी नावाच्या साध्या फाइलमध्ये. तिच्यात 'कॉम्प.लँग.सी: १-४५१२,४५१५' अशी ओळ दिसते, आधी ग्रूपचं नाव, मग लेखांचे क्रमांक. म्हणजे ४५१२ पर्यंतचं वाचून झालं, पुढचे दोन राहिले, ४५१५ वाचला. हे क्रमांक त्या-त्या सर्व्हरचे खासगी असतात. तोच लेख दुसऱ्या सर्व्हरवर वेगळ्या क्रमांकाने येतो, जगभर सारखा राहतो तो फक्त मेसेज-आयडी, म्हणजे लेखावरच लिहिलेली त्याची ओळखखूण. काका आणि पुतणी एकाच सर्व्हरवर असल्यामुळे क्रमांक जुळले, फाइल एकच होती, आणि दोघांच्या खुणा एकमेकींवर बसल्या.

मग खातं वेगळं असून फरक कुठे पडतो? फक्त जोडणीच्या सुरुवातीला. हा संवाद मला फार आवडतो. न्यूजरीडर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात ती एनएनटीपी, १९८६ ची. तिच्या मूळ नियमांत लॉगिन नव्हतंच. त्याचा नीट मसुदा २००६ मध्ये आला. न्यूजरीडर ग्रूप मागतो, सर्व्हर म्हणतो '४८०', आधी ओळख पटवा. न्यूजरीडर 'ऑथइन्फो यूजर' लिहून नाव देतो. उत्तर '३८१', पासवर्ड द्या. 'ऑथइन्फो पास'. जमलं तर '२८१', चुकलं तर '४८१'. आणि गंमत अशी की एकदा २८१ मिळालं की त्याच जोडणीवर दुसऱ्या नावाने पुन्हा ओळख देता येत नाही, सर्व्हर '५०२' म्हणून हाकलतो. एक जोडणी, एक खातं. दोन खाती हवीत तर जोडण्याही दोन.

न्यूजरीडरांची अडचण इथेच होते. काही न्यूजरीडर सर्व्हरला फक्त त्याच्या पत्त्याने ओळखतात. तोच पत्ता दुसऱ्यांदा टाकला की 'हा सर्व्हर आधीच आहे' म्हणून अडून बसतात. त्याच सर्व्हरकडे नेणारा दुसऱ्या नावाचा पत्ता असेल तर तो टाकून पाहावा. नावाऐवजी नुसता आकड्यांचा आयपी पत्ता टाकायची युक्तीही लोक सांगतात, पण ५६३ पोर्टवर टीएलएस (जोडणी सांकेतिक करणारी सोय) वापरत असाल तर प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही आणि इशारा येतो. तो इशारा टाळायला ११९ पोर्टवर उघडा पासवर्ड पाठवणं म्हणजे आजारापेक्षा औषध भयंकर. इमॅक्स या एडिटरमधल्या ग्नस नावाच्या न्यूजरीडरने सर्व्हरचं नाव आणि पत्ता मुळातच वेगळे ठेवलेत, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. थंडरबर्ड हे मेल आणि न्यूज वाचायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सरळ दोन प्रोफाइल (सेटिंग आणि फाइलींचे वेगळे संच) करावेत. प्रोफाइल वेगळं की फाइलही वेगळी, पासवर्डही वेगळा. काकांकडे हेच केलं.

 

फक्त वेगळ्या नावाने लिहायचं असेल तर दुसऱ्या खात्याचीही गरज नाही. लेखावरचं 'फ्रॉम' नाव न्यूजरीडर लिहितो, सर्व्हर बहुधा ते तसंच पुढे पाठवतो. पण म्हणून तुम्ही अदृश्य झालात असं नाही. बरेच सर्व्हर 'इंजेक्शन-इन्फो' ही आपली ओळ जोडतात, आणि मजकूर कोणत्या खात्यातून आला याची खूण तीत राहू शकते.