आंतरराष्ट्रीय संबंध व परकीय संस्कृतींचा अभ्यास (गोवा)

राष्ट्राराष्ट्रांतील तह, युद्धे व व्यवहार आणि परक्या समाजांच्या भाषा व चालीरीती यांचे महाविद्यालयीन शिक्षण. गोव्यात पदवीला हा विषय बहुतेक राज्यशास्त्राच्या पोटात येतो. पुढचे शिक्षण ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात.

शीतयुद्ध, अलिप्ततावाद वगैरे प्रकरणे इतरत्र असतात तशीच. फरक इतकाच की इथला प्रश्न स्वतःच हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या दारात जाऊन आला. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली हातची गेल्यावर, आपल्या ताब्यातील दमणहून भारतीय मुलुखातून तिथे जाण्याच्या वाटेसाठी पोर्तुगालने १९५५ मध्ये भारतावर दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट दिली. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना नाकारली. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही ठरले. दोघांनाही ‘आम्हीच जिंकलो’ म्हणता यावे, असा हा निकाल वर्गात मुद्दाम वाचण्याजोगा आहे. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते मात्र ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने.

मराठी विद्यार्थ्याला खरे घबाड सापडते ते पणजीच्या पुराभिलेखागारात. १५९५ मध्ये सुरू झालेल्या या दप्तरखान्यात ‘रेइश विझिन्युश’, म्हणजे ‘शेजारचे राजे’, या नावाची पत्रव्यवहाराची मालिकाच आहे. त्या शेजाऱ्यांत मराठेही आले. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी याच कागदांतून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. त्यांची वाट धरायची तर मोडी आणि जुने पोर्तुगीज हस्ताक्षर, दोन्ही वाचता आली पाहिजेत. नुसत्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांवर निभत नाही.

पोर्तुगीज भाषा विद्यापीठात शिकवली जाते, तशीच पणजीतील कामोंइश या पोर्तुगीज सरकारी संस्थेच्या भाषाकेंद्रातही. चावी, पगार, साबण, तुरुंग हे शब्द तिकडूनच आलेले, त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला पहिले काही धडे ओळखीचे वाटतात. क्रियापदे सुरू झाली की ओळख संपते. शिकणारे सगळेच मुत्सद्देगिरीच्या ओढीने येत नाहीत. गोव्यात वारसाहक्काच्या कायद्याचे मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे आणि जुनी खरेदीखते त्याच भाषेत, त्यामुळे वकिलांनाही ती लागते. कुणाच्या घरात आजोबांच्या पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा विचार चाललेला असतो. भारताला दुहेरी नागरिकत्व मंजूर नाही. असा पासपोर्ट काढला की भारतीय नागरिकत्व जाते.