मारबत

मारबत : इडापिडा, रोगराई यांना उचलून नेण्याजोगी वस्तू मानून गावाबाहेर टाकण्याची विदर्भातील प्रथा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला ती पाळतात. भंडारा-गोंदियाकडे ‘नारबोद’ हे नावही रूढ आहे. नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, खेड्यात पुतळा असतोच असे नाही. पोळ्याला दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, पाडव्याला म्हणजे या प्रतिपदेला सकाळी उचलतात आणि ‘इडा, पिडा, खासी, खोकला घेऊन जाय गे मारबत’ असे ओरडत शिवेबाहेर नेतात.

उगमाविषयी एकमत नाही. एक कथा मारबतीला पूतना मानते. दुसरी तिचा संबंध नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील राणी बाकाबाईशी जोडते : इंग्रजांशी हातमिळवणी केल्याच्या रागातून तिचा पुतळा निघू लागला, असे सांगतात. नागपुरातील काळ्या मारबतीची मिरवणूक साधारणतः १८८१ पासूनची, तर पिवळीची १८८५ पासूनची मानली जाते. बाकाबाईचे राजकारण मात्र १८१७-१८ च्या सुमाराचे. मधल्या सहा दशकांचा उलगडा ही कथा करत नाही, आणि पुतळ्याविना चालणाऱ्या मेढ्यांचा तर नाहीच. त्यामुळे शहरी पुतळ्याला कथा मागाहून चिकटली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मारबत हे दुःखाचे मानवीकरण आहे असे सरसकट म्हटले जाते, पण आरोळीचे व्याकरण तसे सांगत नाही. तीत मारबत हे संबोधन आहे, इडापिडा हे कर्म. मारबत वाहून नेणारी, पिडा तिच्या डोक्यावरचे ओझे. खोकला निदान ऐकू येतो. ‘इडा’ म्हणून बोट दाखवावे असे काहीच नसते, तरी दोन्ही एकाच गाठोड्यात जातात. शब्द आहे पण त्यामागे वस्तू नाही, अशा ज्ञानाला योगसूत्रांत (१.९) ‘विकल्प’ म्हटले आहे, इडेला ते चपखल लागू पडते. अर्थात आरोळी देणारी पोरे हा हिशेब करत नाहीत.

नागपूरच्या बडग्यांत, म्हणजे मारबतीबरोबर मिरवणुकीत निघणाऱ्या पुतळ्यांत, हा क्रम उलटतो. तेथे महागाई, भ्रष्टाचार यांनाच हातपाय आणि तोंड मिळते. ओझेच माणूस होते, वाहून नेणारी कोणी उरत नाही. बडगे शेवटी जाळतात.