गवा हा रेडा नव्हे

आपल्या कोल्हापूर भागात ‘गवारेडा’ हा शब्द इतका रुळलाय, की दाजीपूरला जाऊन आलेला माणूसही ‘रानरेडे बघितले’ असंच सांगतो. शहरी पाहुणे गव्याला ‘बायसन’ म्हणतात. दोन्ही चूक. बायसन अमेरिकेत आणि युरोपात राहतात. खरी रानम्हैस महाराष्ट्रात गडचिरोलीच्या कोलामार्का भागात आहे, राधानगरीच्या जंगलात नाही.

गवा गाईच्या वंशातला, म्हैस वेगळ्या वंशातली. नीट पाहिलंत तर पटेल: खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा, वर जाऊन आत वळलेली, टोकाला काळी शिंगं. म्हैस चिखलात तासन्‌तास लोळते, गवा तसा लोळत नाही. याच गव्यासाठी १९५८ साली दाजीपूर अभयारण्य झालं. तेच आज राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटरवर पसरलंय.

नावापेक्षा मला काळजी आहे ती दुसऱ्या समजाची: गवा माणूस दिसला की अंगावर येतोच. तो मुळात बुजरा. फुसकारून, मान वर करून बघतो आणि बहुतेकदा झाडीत शिरतो. वाट अडवली, वासरू जवळ असलं किंवा गर्दीनं घेरलं, की मात्र टनभर वजनाचा नर जिवावर उठू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला आलेला गवा लोकांच्या पाठलागानं दमला, जखमी झाला आणि पकडल्यावर मेला. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या पठारावर, गवा दिसला तर थांबा, आवाज बंद, त्याला जायला वाट ठेवा आणि हळूहळू मागे सरका. फोटो लांबूनच.